पाण्यावरची हिरवी साय

मृग नक्षत्र लागले की मावळचे रूप पालटते. सह्याद्रीच्या माथ्यावर मेघ दाटून येतात आणि पाहता पाहता कडेकपारींतून शुभ्र धारा कोसळू लागतात. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. कुरवंडे गावाजवळ उगम पावणारी इंद्रायणी तेव्हा तांबूस पाण्याने दुथडी भरून वाहते. दक्षिणेकडे पवनाही तशीच धावते. या पाण्याची महती उद्योगधुरीणांनी फार पूर्वी ओळखली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे टाटांनी तलाव बांधले, त्यांचे पाणी नळांवाटे घाटाखाली सोडले आणि 1915 साली खोपोलीस त्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली. जे पाणी पूर्वेकडे भीमेला मिळून बंगालच्या उपसागरास गेले असते, त्यातले काही अशा रीतीने कोकणात उतरले.

परंतु हा झाला वर्षा ऋतूचा थाट. होळी उलटली की ओढे आटतात, नदीचे डोह एकमेकांपासून तुटतात, आणि गावतळ्यांत कमरेएवढे पाणी उरते. ऊन तापते, पाणी हलत नाही. अशा दिवसांत एखाद्या सकाळी तळ्यावर गेलेल्या माणसाला पाण्यावर हिरवा थर पसरलेला दिसतो. कोणी म्हणते, शेवाळ आले. पण हातात धरता येईल असे तंतू त्यात नसतात, पाने नसतात, मुळे नसतात. कोणीतरी हिरवा रंग कालवून ओतावा, किंवा तापलेल्या दुधावर साय धरावी, तसा तो दाट थर असतो. वारा सुटला की तो एका काठाला जाऊन साचतो, आणि तेथे त्याला कुजकट, मातकट वास येतो.

ही साय शेवाळाची नव्हे. ती नीलहरित जीवाणूंची असते. शास्त्रज्ञ त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. पूर्वीच्या पुस्तकांत त्यांचे नाव ‘नीलहरित शैवल’ असे आढळते, कारण वनस्पतींप्रमाणे हेही सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करतात. मात्र त्यांच्या पेशीची घडण वनस्पतींसारखी नसून जीवाणूंसारखी असते. हरितद्रव्याबरोबरच एक निळे द्रव्य त्यांच्या अंगी असते, म्हणून त्यांचा रंग निळसर हिरवा दिसतो.

या क्षुद्र जीवांचे कूळ फार थोर आहे. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. आज जो श्वास प्रत्येक प्राणी घेतो त्याचे ऋण या घराण्याकडे जाते. मावळच्या शेतकऱ्यावर तर त्यांचे आणखी एक ऋण आहे. भाताच्या खाचरात पाणी साचले की त्यात यांतील काही जाती वाढतात आणि हवेतील नत्र पकडून मातीला देतात. ढाक्याच्या विद्यापीठात काम करणाऱ्या पी. के. डे यांनी 1939 साली हे दाखवून दिले. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे खताशिवाय भात कसा पिकतो, या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेल्या ‘इंद्रायणी’ या सुवासिक वाणाचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. त्या वाणाच्या खाचरांतही हे मूक चाकर राबत असतील, आणि त्यांचे नाव कोणी घेत नाही. तेव्हा सर्व नीलहरित जीवाणूंना विषारी ठरवणे हा अन्याय होईल. काही जातीच विष निर्माण करतात, आणि त्याही प्रत्येक वेळी करतातच असे नाही.

विष करणाऱ्या जातींत ‘मायक्रोसिस्टिस’ ही विशेष कुप्रसिद्ध आहे. तिच्या असंख्य पेशी एका बुळबुळीत आवरणात एकत्र राहतात. प्रत्येक पेशीत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांच्या बळावर ती पाण्यात वर येते. दिवसा ऊन खाऊन पेशीत शर्करा साठली की ती जड होऊन खाली जाते. रात्री ती शर्करा खर्ची पडली की हलकी होऊन पुन्हा वर तरंगते. म्हणूनच वारा पडलेल्या पहाटे साय सर्वांत दाट दिसते. वर राहून ऊन घ्यायचे आणि खालच्या इतर वनस्पतींना अंधारात ठेवायचे, असा तिचा डाव असतो.

ही साय जनावरांना मारते, हे जगापुढे प्रथम नीट मांडले ते ऑस्ट्रेलियातील जॉर्ज फ्रान्सिस या रसायनशास्त्रज्ञाने. त्या देशाच्या दक्षिण भागात अलेक्झांड्रिना नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी पाणी पिणारी मेंढरे, घोडे, डुकरे आणि कुत्री पटापट मरू लागली. पाण्यावर हिरव्या तैलरंगासारखा जाड थर होता आणि वाऱ्याने तो काठाशी लोटला जात होता. फ्रान्सिसने एका मेंढीला ती साय मुद्दाम पाजून पाहिली. तीही मेली. 2 मे 1878 रोजी ‘नेचर’ या साप्ताहिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आपल्याकडील अनुभवी गुराखी जनावरांना तळ्याच्या वाऱ्याकडच्या, निवळ काठावर पाजतो. त्याने फ्रान्सिसचे नाव ऐकलेले नसते, पण त्याचे करणे त्या वृत्तान्ताशी जुळते. ज्या काठाला वारा साय लोटतो, तेथे विष तळ्याच्या मध्यभागापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते.

आता हे विष प्राण्याच्या देहात काय करते ते पाहू. मायक्रोसिस्टिन हे विष पोटातून रक्तात आणि रक्तातून थेट यकृतात जाते. पित्तातील आम्लांना पेशीत नेणाऱ्या ज्या वाटा यकृतात असतात, त्याच वाटांनी हा चोर आत शिरतो. पेशीचा आकार सांभाळणारे जे सूक्ष्म धागे असतात त्यांचे नियमन तो बिघडवतो. पेशी आकसतात, एकमेकींपासून सुटतात, यकृताची वीण उसवते आणि त्यात रक्त साचते. गाय बाहेरून धडधाकट दिसते, पण आतल्या आत रक्तस्राव होऊन काही तासांत किंवा दिवसांत कोसळते. दुसरे विष ॲनाटॉक्सिन. ते मज्जातंतूंवर घाला घालते. स्नायूला आकुंचनाचा इशारा देणाऱ्या नैसर्गिक द्रव्याची ते नक्कल करते. खरा इशारा क्षणात पुसला जातो, ही नक्कल मात्र पुसली जात नाही. स्नायू थकून लुळे पडतात आणि श्वास थांबतो. कुत्र्यांच्या बाबतीत हे काही मिनिटांतही घडते. कुत्रे तळ्यात डुंबून बाहेर येते आणि अंगावरचे केस चाटते. पाणी न पिताही त्याचा घात होतो.

पाण्यात राहणाऱ्या जीवांना पळून जाण्यास जागा नसते. पाणपिसू हा टाचणीच्या डोक्याएवढा जीव तळ्यातील हिरवे कण गाळून खातो आणि स्वतः माशांच्या पिलांचे खाद्य होतो. मायक्रोसिस्टिसचे बुळबुळीत पुंजके त्याला गिळता येत नाहीत, आणि जे गिळले जातात ते पचत नाहीत. पाणपिसू घटले की पिलांची उपासमार होते. शिंपले पाणी गाळताना विष अंगात साठवतात. माशांच्या यकृतात आणि आतड्यांत ते मांसापेक्षा अधिक उतरते. अशा पाण्यातील मासा खायचाच झाला तर त्याची आतडी काढून टाकावीत, असे तज्ज्ञ सांगतात ते यामुळेच.

कित्येकदा मात्र मासे विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. दिवसा हिरवी साय प्राणवायू सोडते. सूर्य मावळला की तीच साय श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू ओढू लागते. त्यात मेलेल्या पेशी तळाशी कुजतात आणि कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. पहाटेपर्यंत पाणी रिते होते. मासे तोंडे वर काढून पृष्ठभागाशी धापा टाकतात. सूर्योदयास काठावर पांढरी पोटे वर झालेले मासे दिसतात, आणि गावात कोणीतरी पाण्यात विष कालवल्याची कुजबूज सुरू होते. कधी ती खरी असते, पुष्कळदा नसते.

मावळच्या पाण्यात असा एक मासा आहे की ज्याला ही गुदमर मुळीच सोसत नाही. तो म्हणजे महाशीर. मोठमोठे खवले, ताम्रवर्ण पर आणि प्रवाहाविरुद्ध झेपावणारे बळ यांमुळे तो नदीचा राजा मानला जातो. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून 1839 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘टॉर खुद्री’ या त्याच्या शास्त्रीय नावात साइक्सने ठेवलेले पद अद्याप टिकून आहे. महाशीराला वाहते, थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. धरणे झाली, डोह गढूळले, सुरुंगांनी मासेमारी झाली, आणि त्याची संख्या रोडावत गेली. तेव्हा 1970 च्या दशकाच्या आरंभी टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यास वळवण तलावाशेजारी महाशीराची अंडी उबवण्याचे केंद्र सुरू केले. तेथे वाढवलेली पिले निरनिराळ्या जलाशयांत सोडण्यात आली. इतक्या खटपटीने वाढवलेल्या या पिलांना सोडायचे कोठे, हा प्रश्न पाण्याच्या रंगाशी येऊन भिडतो. ज्या डोहावर साय धरते तेथे कटला तग धरील, महाशीर धरणार नाही.

पाण्यातले विष पाण्यातच राहते असेही नाही. 1994 साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात डीग्रे तलावाकाठी पांढऱ्या डोक्याचे गरुड मरून पडलेले आढळले. हा गरुड त्या देशाचे राष्ट्रचिन्ह असल्याने मोठी खळबळ उडाली. जिवंत गरुड झिंगल्यासारखे उडत होते आणि कड्यांवर आपटत होते. त्यांच्या मेंदूत बारीक बारीक छिद्रे पडली होती. तलावातील चांदवा पक्ष्यांचीही तीच अवस्था होती. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असणारा हा पक्षी आपल्याकडेही हिवाळ्यात दिसतो, आणि त्याला ‘वारकरी’ असे गोड नाव आहे. चांदवे पाणवनस्पती खात होते आणि गरुड चांदवे खात होते. ती पाणवनस्पती होती हायड्रिला. शाळेच्या प्रयोगशाळेत नरसाळ्याखाली ठेवून तिचे प्राणवायूचे बुडबुडे मोजतात, तीच ही. आशियातून ती 1950 च्या सुमारास शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत पोहोचली. तिच्या पानांच्या खालच्या बाजूस एक नीलहरित जीवाणू चिकटून राहत होता. पाण्यात ब्रोमीन असले तरच तो आपले विष बनवीत होता. प्रयोगशाळेतील पाण्यात ब्रोमीन नव्हते, म्हणून तेथे वाढवलेला जीवाणू वर्षानुवर्षे निरुपद्रवी ठरत राहिला. अखेर सुझन वाइल्ड, टिमो नीडरमेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली हे कोडे सोडवले. गरुड मरू लागल्यापासून विष हाती येईपर्यंत जवळजवळ सत्तावीस वर्षे लोटली होती.

असा शोध नेहमी शेवटास जातोच असे नाही. 2020 च्या उन्हाळ्यात आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात ओकावांगोच्या परिसरात तीनशेहून अधिक हत्ती मेले. कित्येक पाणवठ्यांजवळ तोंडावर पडलेले होते. हस्तिदंत जागच्या जागी होते, म्हणजे हे शिकाऱ्यांचे काम नव्हे. सप्टेंबरमध्ये तेथील सरकारने नीलहरित जीवाणूंचे विष हे कारण जाहीर केले. परंतु त्याच पाणवठ्यांवरचे इतर प्राणी आणि हत्तींची प्रेते खाणारी गिधाडे मेली नाहीत, म्हणून सर्वच तज्ज्ञांचे त्याने समाधान झाले नाही.

पाण्याचा रंग पाहूनच निवाडा करू नये, याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. अनेकांना तो अपशकुन वाटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे दिसून आले. पावसाने खारटपणा उतरला की तो रंगही उतरतो.

हिरवी साय पाहून घाईने औषध ओतणे मात्र महागात पडते. 1979 साली ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात अशी साय धरली. ती मारण्यासाठी मोरचूद टाकण्यात आला. जीवाणू मेले, त्यांच्या पेशी फुटल्या, आणि आतले विष पाण्यात मोकळे झाले. 148 जण आजारी पडले. त्यांतील बहुतेक मुले होती. हे विष पाणी उकळल्यानेही नाहीसे होत नाही. पाणी आटते आणि विष उलट दाट होते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे मायक्रोसिस्टिनचा एक मायक्रोग्रॅम, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा आहे.

मग ही साय येते कशामुळे? ऊन आणि थांबलेले पाणी हवे, हे खरे. परंतु पोटाला अन्न नसेल तर ती फोफावत नाही. कॅनडातील एका लहानशा तलावावर डेव्हिड शिंडलर यांनी 1973 साली एक प्रयोग केला. तलावाच्या मधोमध त्यांनी पडदा ताणला. दोन्ही बाजूंना कर्ब आणि नत्र टाकले, पण एकाच बाजूला स्फुरद टाकले. थोड्याच काळात स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली आणि पडद्यापलीकडचे पाणी होते तसेच राहिले. विमानातून घेतलेले त्या तलावाचे छायाचित्र पाहिले म्हणजे आणखी शब्दांची गरज उरत नाही.

स्फुरद येते मैलापाण्यातून, कपडे धुण्याच्या चुऱ्यातून, गोठ्यांतून आणि शेतात वाजवीपेक्षा अधिक टाकलेल्या खतांतून. इंद्रायणीच्या वाटेवर हे सारे आहे. लोणावळ्याचे बंगले आणि पाहुण्यांची गर्दी, कामशेत, वडगाव, तळेगाव, पुढे देहू, आणि त्यापुढे कारखान्यांची वसाहत. संत तुकारामांच्या गाथेशी जिचे नाव कायमचे जोडले गेले आहे ती ही नदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आली आहे. आळंदीस वारकरी स्नानास उतरतात तेव्हा कित्येकदा पाण्यावर पांढरा फेस तरंगत असतो. फेस वेगळा आणि साय वेगळी. फेस साबणाचा आणि कारखान्यांच्या द्रव्यांचा असतो. परंतु नदीपात्र झाकून टाकणारी जलपर्णी आणि गावतळ्यावरची हिरवी साय एकाच शिधोरीवर जगतात, आणि ती शिधोरी माणसानेच वाढून ठेवलेली असते. इंद्रायणीचे पात्र उन्हाळ्यात बारीक होते आणि मैलापाणी मात्र तेवढेच येत राहते. नदीची खरी ओढगस्त तेव्हाच असते.

अशा पाण्याचे दिवस पालटू शकतात. अमेरिकेतील सिॲटल शहरालगत वॉशिंग्टन नावाचे सरोवर आहे. भोवतालच्या गावांचे मैलापाणी त्यात सोडले जाई. 1955 साली विद्यापीठातील प्राध्यापक एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात नीलहरित जीवाणूंची एक ओळखीची जात दिसली. युरोपातील सरोवरे बिघडण्यापूर्वी तीच दिसली होती, म्हणून त्यांनी लोकांना सावध केले. नागरिकांनी मतदान करून स्वतःवर खर्चाचा बोजा घेतला. 1963 ते 1968 या काळात सर्व मैलापाणी दुसरीकडे वळवण्यात आले. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरोवर इतके निवळले की खोलवरचे दिसू लागले, आणि पाणपिसू पुन्हा विपुल झाले. पाण्यात औषध म्हणून त्यांनी काहीही टाकले नव्हते.

तळ्यावरचा थर शेवाळाचा आहे की नीलहरित जीवाणूंचा, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. हातात रबरी मोजे घालून काचेची बाटली पाऊण भरावी, झाकण लावावे आणि रात्रभर न हलवता थंड जागी ठेवावी. सकाळी हिरवा गाळ तळाशी बसलेला असेल तर बहुधा काळजीचे कारण नसते. पण पाणी खाली निवळून बाटलीच्या गळ्याशी हिरवे कडे धरलेले दिसले, तर ते ओळखीचे लक्षण होय. विष आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, ते प्रयोगशाळेतच ठरते. तोवर त्या काठावर गुरे नेऊ नयेत आणि मुलांनी पोहण्यास उतरू नये. मावळात तर उशीर होण्याआधीच एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो, तळे ढवळून निघते आणि साय विरून जाते. पाणी पुन्हा पूर्वीसारखे दिसू लागते. तळाच्या गाळात मात्र तिचे पुंजके पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत पडून असतात.